हद्दपाराचा पाहुणचार

शिम तेकसूला बुन्नेच्या दारात आणून उभं केलं, तेव्हा ती कालवं फोडत होती. हातातला कोयता तिने खाली ठेवला नाही.

"हा हद्दपार. आजपासून तुझ्या घरी," अंमलदाराचा शिपाई म्हणाला. "जेवणखाण, सरपण, सगळं तुझ्याकडे. आणि मेला तर जाबही तूच द्यायचा."

"माझ्याच घरी का?"

"बेटावर रिकामी खोली आणखी कुणाकडे आहे? नवरा गेला, खोली मोकळी झाली."

तिचा नवरा दोकचिल राजाच्या धान्याच्या गलबतावर तांडेल होता. दोन वर्षांपूर्वी, समुद्र अगदी शांत असताना ते गलबत बुडालं. बेटावरचे अकरा गडी गेले, दोकचिल बारावा. सरकारदरबारी लिहिलं गेलं की तांडेल दारू प्यायला होता. दोकचिलला दारूचा वासही सहन होत नसे, पण मेलेल्या माणसाचं तोंड कोण हुंगणार? गलबताच्या फळ्या ओल्या आणि किडक्या होत्या, निघताना त्याने फळीत नख रुतवून दाखवलं होतं, असं बुन्ने जीव तोडून सांगत राहिली. बायको नवऱ्याचीच बाजू घेणार, म्हणून कुणी कान दिला नाही. ती विहिरीवर आली की बाकीच्या विधवा घागरी उचलून चालू लागत. चोम्ने म्हातारीचे तर दोन्ही मुलगे त्या गलबतावर होते. ती बुन्नेला पाण्यात पाहायची.

मग राजाची स्वारी गरम झऱ्यांकडे निघाल्याचं कळलं. बुन्ने बेट सोडून दहा दिवस चालली आणि भर रस्त्यात उभी राहून तिने काशाची थाळी बडवली. राजाच्या वाटेत थाळी बडवणाऱ्याने आधी दहा छड्या खायच्या आणि मग गाऱ्हाणं मांडायचं, असा रिवाज. तिने छड्या खाल्ल्या. राजाने पालखी थांबवली, पडदा बाजूला सारला आणि स्वतःच्या तोंडाने शब्द दिला, "लाकूड ज्याने खाल्लं त्याचं डोकं जाईल. तुझ्या नवऱ्यावरचा बट्टा पुसला जाईल." ती रडत घरी आली. जहाजांच्या लाकडावर नेमलेला अधिकारी शिम तेकसू खरंच पकडला गेला.

आणि आता तेच डोकं, चांगलं टोपीसकट, तिच्या ओसरीवर बसून जेवणाची वाट पाहत होतं. दोकचिलवरचा बट्टा होता तिथेच होता. राजा हे कसं विसरला, हे तिला कळेना.

शिपायांनी खोलीभोवती काटेरी कुंपण घातलं. महिनाभर बुन्नेने त्याला जवाचा भात आणि शेवाळाचं पाणचट सार वाढलं.

"बाई, हे सार आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

"आम्ही हेच खातो, साहेब. लाकूड खायची सवय नाही आम्हाला."

शिम हसला. माणूस निर्लज्ज होता, पण चिडका नव्हता. पहिला बर्फ पडला त्या दुपारी, वाडगा पुढे ठेवताना तिने सरळ विचारलं, "राजानं तुम्हाला मारलं का नाही?"

"तुला खरंच ठाऊक नाही?" त्याने वाडगा हातात घेऊन ऊब घेतली. "डोकं उडवायचं तर तीनदा चौकशी करावी लागते, बाई. कायदा आहे. तीनदा विचारायचं, लाकूड कुठे गेलं, आणि तीनदा लिहून घ्यायचं. अर्धं मी विकलं. ते मी पहिल्या फटक्यालाच सांगितलं असतं. पण उरलेलं अर्धं राजमातेच्या नव्या महालाला लागलं. तोंडी हुकूम होता, कागद नाही. आता हे लिहून कोण घेणार? हद्दपारीला काही विचारावं लागत नाही. एका ओळीत काम होतं."

"म्हणजे राजाला ठाऊक होतं? मी गाऱ्हाणं मांडलं तेव्हाही?"

"महालाला खांब कुठून आले, हे घरमालकाला ठाऊक नसतं होय? शिवाय मेलेला माणूस परत कामाला लावता येत नाही."

बुन्ने चुलीपाशी जाऊन बसली. चोराचा राग तिला नवा नव्हता. पण ज्याच्यापुढे तिने पाठ उघडी केली, बाप मानून ज्याचे पाय धरले, त्यानेच केसाने गळा कापला होता, आणि तेही डोळ्यांत डोळे घालून.

संध्याकाळी ती पुन्हा त्याच्यासमोर उभी राहिली. "हे सगळं लिहून द्या. लाकडाचं. माझा नवरा प्यायला नव्हता, तेही. मी परत थाळी वाजवीन. चारचौघांत कागद हाती पडल्यावर राजा काय करेल?"

शिमने टोपी सारखी केली. "लिहीन. मलाही मनावरचं ओझं उतरवायचंय. पण लिहायला अंगात त्राण हवं, बाई. आणि वसंतापर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. अंमलदाराला वास लागला तर कागद चुलीत जाईल आणि मी दुसऱ्या बेटावर."

मग बुन्नेने त्याला कालवांचं सार वाढलं. सुकी मासळी, खारवलेला मुळा, सणासाठी ठेवलेला तांदूळही वाढला. त्याच्या खोलीची जमीन तापवायला तिच्याखालच्या चुलीत सकाळसंध्याकाळ जाळ घातला. थंडी वाढली, तेव्हा दोकचिलची कापूस भरलेली बंडी पेटीतून काढून दिली. ती त्याच्या अंगात पाहून तिला भडभडून आलं, पण तिने दात आवळले. कालवांच्या साराचा वास गावभर जायचाच.

"तांडेलीणबाई," चोम्ने म्हातारी कुंपणाबाहेरून ओरडली, "चोराला बाळंतिणीसारखं जपतेस की गं! बारसं कधी?"

थोडेच दिवस, मावशी, मग तूच माझ्या दारात येशील, असं बुन्ने मनात म्हणाली.

बर्फ वितळला तसा शिमने कागद हातात ठेवला. दरबारी चिनी अक्षरं, दाट आणि देखणी. बुन्नेला अक्षर येत नव्हतं आणि बेटावर ती लिपी वाचणारा एकच, अंमलदाराचा कारकून. त्याला दाखवणं म्हणजे चुलीत घालणंच. तिने कागद परकराच्या आत शिवला, राजाची स्वारी पुन्हा झऱ्यांकडे निघाली तेव्हा दहा दिवस चालली, थाळी बडवली आणि दहा छड्या खाल्ल्या.

"तोंडी सांगायचंय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"सगळं यात आहे, सरकार."

कागद पालखीत गेला. राजा वाचताना तिने पडद्याच्या फटीतून पाहिला. त्याने बाहीने डोळे पुसले. अकरा गडी आणि दोकचिल, बारा जणांसाठी राजा रडला, असं तिला वाटलं, आणि तिने तिथल्या तिथे त्याला माफ करून टाकलं.

महिन्याभराने सरकारी होडी ढोल वाजवत आली. सगळं बेट किनाऱ्यावर जमलं. बुन्ने उजळ माथ्याने पुढे उभी राहिली. कारकुनाने हुकूम वाचला.

"नवऱ्यापासून ताटातूट झालेली स्त्री झुरते, तसा मी माझ्या राजासाठी झुरतो, या शिम तेकसूच्या कवितेने महाराजांचं हृदय द्रवलं आहे. त्याची हद्दपारी माफ. त्याला पूर्वीच्या पदावर रुजू होण्याची आज्ञा आहे. तसंच, त्याची मनोभावे सेवा करून ती कविता पायी आणून देणाऱ्या बुन्ने नावाच्या बाईला सुती कापडाचे दोन तागे बक्षीस."

ताग्यांचं ओझं तिच्या हातात ठेवलं गेलं. शिम तिच्या जवळून गेला आणि थोडा वाकला. "पाहुणचार उत्तम झाला, बाई." दोकचिलची बंडी त्याच्या अंगातच होती. होडी सुटली.

तागे वाळूत पडले. बुन्ने आधी नुसती ओरडली. मग बोलत सुटली, लाकूड, महाल, तीनदा चौकशी, हिवाळाभर जपलेला शब्द, रडणारा राजा. कारकून ऐकलं न ऐकलंसं करून चालता झाला. बायका हलल्या नाहीत. इतकं सगळं कुणाला रचून सांगता येत नाही, हे त्यांना तिच्या तोंडाकडे पाहूनच कळत होतं.

चोम्ने म्हातारी जवळ आली. "दोकचिल प्यायला नव्हता," ती म्हणाली. "पटलं मला. आजच घरोघरी सांगते. इतके दिवस उगाच त्या पोराला शिव्या दिल्या."

बुन्नेला हुंदका आवरेना. तिने म्हातारीचा हात धरला.

"लाकडाचं तो तुझ्यापाशी कधी बोलला?"

"पहिला बर्फ पडला तेव्हा, मावशी."

"आणि कालवं त्याला वाढलीस ती त्यानंतर?"

बुन्नेने मान वर केली नाही. "कागदासाठी, मावशी. कुणाला सांगू नको म्हणाला होता."

"माझी दोन पोरं खाल्ली त्यानं. ते त्याच्या तोंडून तू ऐकलंस, आणि त्यानंतर त्याला ऊब दिलीस, जेवू घातलंस. मी रोज तुझ्या दारावरून जात होते, बुन्ने. मला एका शब्दानं सांगितलं नाहीस."

म्हातारीने आपला हात हळूच सोडवून घेतला. वाकून वाळूतले दोन्ही तागे उचलले, झटकून स्वच्छ केले आणि बुन्नेच्या हातात ठेवले.

"घे. कमावलेस तू."