माझी मागची सीट

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट मोटारसायकल आहे. जुनी म्हणजे अडीच वर्षांची. अडीच वर्षांचं माणूस अजून बाबागाडीत असतं, हे मला माहीत आहे. पण जिचा जन्म ताशी दीडशेच्या वेगासाठी झाला आणि जिला रोज तिसऱ्या गियरच्या वर जायला मिळालं नाही, ती लवकर म्हातारी होते. सध्या मी जबलपूरच्या गढा भागात, मुरलीधर पाठराबे यांच्या अंगणात उभी आहे. माझ्या डाव्या हँडलवर एक ओला टॉवेल वाळतो आहे. तक्रार नाही. दमलेल्याने तक्रार करू नये, त्यात आणखी दम जातो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. तिथल्या हुशार माणसांनी माझं डोकं खाली आणि शेपूट वर ठेवलं, म्हणजे वेगात वारा अंगावरून अलगद घसरावा. वाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी रात्रीचा दिवस केला. मागे बसणाऱ्याच्या वाट्याला मात्र पोळपाटाएवढी एक गादी आली, तीही उंच आणि पुढे उतरती. तेव्हा मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. तरुण होते. मागे पाहायची सवय नव्हती.

मग सदर बाजारातल्या एका शोरूमच्या काचेमागे उभी राहिले. तिथे एके दिवशी अंबरीश आला. मुरलीधरबाबांचा मुलगा, वय पंचवीस, सदरमध्येच बँकेत नवी नोकरी. त्याला एक साधी मोटारसायकल हवी होती, कारण तिच्यावर रोज दोघं जाणार होते. तो आणि त्याची आई.

त्याची आई, कुमुदबाई, सदरच्याच एका शाळेत ग्रंथपाल. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. गढ्याहून सदरला जायचं म्हणजे दोन ऑटो बदलायच्या आणि मधे उभं राहायचं. उभं राहणं त्यांच्या उजव्या गुडघ्याला जमेनासं झालं होतं. शाळेतली फाटकी पुस्तकं त्या स्वतः सुईदोऱ्याने शिवत. तीन कपाटं शिवून व्हायची होती. "मी माझ्या तारखेला रिटायर होईन, गुडघ्याच्या तारखेला नाही," असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं. त्या तीन कपाटांसाठी ही गाडी येणार होती.

शोरूममधला बंटी प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "भैया, रोज का काम है तो वो कोने वाली ले लो. सीधी-साधी है, मम्मी जी आराम से बैठेंगी."

अंबरीश माझ्याकडे पाहत म्हणाला, "भैया, रोज बैठना है, तो बढ़िया पे ही बैठें ना?"

बंटीकडे मायलेजच्या प्रश्नांची उत्तरं होती. या प्रश्नाला त्याने माझी चावी काढली.

पण अजून मुरलीधरबाबा बाकी होते. ते चौतीस वर्षं संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस होते. त्यांनी पास म्हटल्याशिवाय तिथून खिळासुद्धा बाहेर जात नसे. त्यांच्या घरात कुकरची नवी शिट्टी तीन दिवस निरीक्षणाखाली राहते. त्यांनी बंटीकडून मला तासाभरासाठी घरी मागवलं, माझी चाकं फुटपट्टीने मोजली, साखळीचा ढिलेपणा बोटाने पाहिला, आणि मागच्या सीटशी येऊन थांबले.

"आई इथं बसणार?"

"हो ना बाबा. सीट आहे ना."

"सीट आहे ते मी पाहून राहिलो. पास आहे का?"

मित्रांनो, त्यांच्या खात्यात एक पद्धत होती. ज्या वस्तूवर जेवढा भार येणार, त्याच्या सव्वापट भार ठेवून पाहायचा. टिकली तर पास. बाबा स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"कुमुद, तुझं वजन किती गं?"

"काहून?"

"असंच."

"अठ्ठावन्न. आणि बाहेर सांगत फिरू नका."

बाबांनी कागदावर हिशेब केला आणि पोत्यात बरोबर साडेबहात्तर किलो गहू भरला. पोतं माझ्या मागच्या सीटवर नायलॉनच्या दोरीने बांधलं. अंबरीशला हुकूम मिळाला : नर्मदा नदीच्या ग्वारीघाटापर्यंत जायचं, तिथल्या उतारावर तीनदा ब्रेक दाबायचा आणि परत यायचं.

घाटावर एका पंडितजींना वाटलं, नवी गाडी पूजेला आली. त्यांनी मला कुंकू लावलं आणि पोत्यापाशी थबकले.

"बेटा, पीछे ये क्या है?"

"मम्मी हैं, पंडितजी. मतलब, मम्मी का वज़न है."

पंडितजींनी घाटावर बरंच काही पाहिलेलं असणार. त्यांनी पोत्यालाही टिळा लावला आणि झेंडूचा हार घातला.

आम्ही परतलो. बाबांनी पोत्याभोवती एक फेरी मारली. पोतं सरकलं नव्हतं, उसवलं नव्हतं, एक दाणा सांडला नव्हता. त्यांनी खिशातून खडू काढून माझ्या टाकीवर लिहिलं : पास. त्या वेळी कुमुदबाई तिथून पंधरा पावलांवर, स्वयंपाकघरात, उरलेल्या गव्हातले खडे निवडत होत्या. पोत्याला गुडघे नसतात आणि ते साडी नेसत नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर हार घातल्यामुळे हुरळले होते.

पहिल्या सोमवारी कुमुदबाई कलफाची सुती साडी नेसून, पर्स आणि डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी माझ्या मागच्या सीटकडे पाहिलं. मग अंबरीशकडे पाहिलं. मग पुन्हा सीटकडे.

"इथं?"

"बस ना आई. मस्त आहे."

त्या घराच्या ओट्यावर चढल्या आणि तिथून माझ्यावर आल्या. पलीकडच्या नर्मदाकाकू दात घासता घासता थांबल्या. "अगं बाई, कुमुदताई! घोड्यावरून वरात काढून राहिल्या का?"

साडीमुळे एका बाजूला बसणं भाग होतं. त्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती, धरायला दांडी नव्हती. प्रत्येक गतिरोधकाला त्या घसरून अंबरीशच्या पाठीवर येत आणि प्रत्येक वेळी "माफ कर बेटा" म्हणत. गढ्यापासून सदरपर्यंत किती गतिरोधक आहेत, हे मी पोटच्या मुलांच्या नावांसारखं बिनचूक सांगू शकते. बासष्ट.

सदरला आणखी एक शोध लागला. तिथे ओटा नव्हता. कुमुदबाई शाळेच्या फाटकापुढे दहा मिनिटं माझ्यावर बसून राहिल्या. घंटा झाली, प्रार्थना झाली. शेवटी शिपाई श्रीकांत आतून स्टूल घेऊन आला.

"बाई, उतरा. रोज आणून देईन जी."

आणि त्याने खरंच रोज आणलं. चार महिने असं चाललं. अंबरीश माझ्यावर वाकून वाकून मनगटं चोळू लागला. गर्दीत माझं इंजिन तापे आणि त्याची मांडी भाजे. पण सिग्नलला कॉलेजची पोरं "भैया, कौन सी गाड़ी है?" विचारत, तेव्हा तो पाठ ताठ करी. कुमुदबाई मागे डबा सांभाळत बसत. घरी बाबा विचारत, "कशी आहे गाडी?" त्या म्हणत, "तुम्ही पास केली ना. मग चांगलीच असेल."

बाबांना हे कौतुक वाटे.

मग परीक्षा आल्या. शाळेतली सगळी स्टुलं परीक्षेच्या वर्गांत गेली आणि श्रीकांतही त्यांच्याबरोबर गेला. त्या दिवशी घंटा वाजत होती. कुमुदबाईंनी वाट पाहिली, पर्स छातीशी धरली आणि उडी मारली.

मला तो आवाज आला. गुडघ्याचा. माझ्या क्लचची तार तुटली होती तेव्हा असाच आला होता.

डॉक्टरांनी पंधरा दिवस पडून राहायला सांगितलं. बाराव्या दिवशी कुमुदबाईंनी पलंगावर बसून एक अर्ज लिहिला आणि बाबांच्या पुढे ठेवला. मी खिडकीबाहेरच होते, म्हणून सगळं ऐकलं. तो राजीनामा होता. शिवून व्हायचं एक कपाट उरलं होतं.

बाबांनी तो दोनदा वाचला. चूक शोधत असावेत. सापडली नाही.

"घाई काहून करून राहिली?" ते म्हणाले. "गाडी आहे ना."

"गाडी आहे हो." कुमुदबाईंचा आवाज चढला नाही. दमलेल्यांचा चढत नाही. "अंबरीशला आवडली, तुम्ही पास केली. कोपऱ्यात कोणती गाडी होती, ते मला त्या बंटीने बाजारात सांगितलं. तुम्ही मला वजन विचारलं. बसून पाहते का, ते नाही विचारलं."

अंबरीश दारात उभा होता. त्याच्या हातातली माझी चावी त्याने खिशात घातली, पुन्हा काढली, मग कुठे ठेवावी ते न कळून देवघरात ठेवली.

बाबा बाहेर आले. बराच वेळ माझ्या मागच्या सीटकडे पाहत राहिले. मग सत्तरीचा तो माणूस ओट्यावर चढला आणि माझ्यावर, आपल्या बायकोसारखा, एका बाजूने बसला. घसरला. पुन्हा बसला. पुन्हा घसरला. नर्मदाकाकूंनी खिडकी उघडली आणि त्यांचा चेहरा पाहून बंद केली. बाबा आत गेले.

"कुमुद," ते म्हणाले, "चुकलं माझं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा चुकीचा माल पास केला. सांग आता काय करू."

"काही नका करू. मला दुकानात न्या. ऑटोने."

"तुला बसून पाहायचं? मागे?"

"पुढे," कुमुदबाई म्हणाल्या. "नागपूरला कॉलेजात मी मोपेडवर जात होती. ते तुम्ही कधी विचारलं नाही."

गुडघा बरा झाल्यावर त्या बंटीकडे गेल्या आणि एक एक करून सहा स्कूटरींवर बसल्या. पाय खाली टेकतात का पाहिलं, डबा कुठे राहील ते पाहिलं. सातवीवर सगळं जमलं, ती घेतली. राजीनामा त्यांनी घरी शिवायला आणलेल्या एका पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला. कागद जाड होता म्हणे.

मला विकायचंही ठरलं होतं. विपुल नावाचा एक तरुण पाहायला आला, सोबत त्याची आजी. आजीने मागे बसून पाहिलं, ती खाली उतरली आणि रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवू लागली. त्यानंतर कुणी आलं नाही.

आता रोज सकाळी साडेनऊला कुमुदबाई स्कूटर काढतात. मागे अंबरीश बसतो, कारण त्याची मनगटं अजून दुखतात. मांडीवर आईची पर्स आणि दोन डबे. सिग्नलला त्याला आता कुणी काही विचारत नाही. घासून पुसून ठेवलेली हेल्मेटं घालून दोघं फाटकातून वळतात आणि मी टॉवेल वाळवत राहते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाडी निवडायला जाल. माझ्यासारखी काचेमागून चमकेल, तिला जरूर पाहा. पण रोज मागे जो बसणार आहे, त्याला सोबत न्या आणि आधी त्याला बसवा. त्याने "चांगली आहे" म्हटलं तरी तोंडाकडे पाहा. आणि घरात एखादी गाडी नुसती उभी असेल तर आठवड्यातून एकदा तरी सुरू करा. नाहीतर तिची बॅटरी उतरते, आणि ती उतरताना आवाज होत नाही.

माझी बॅटरी अजून शाबूत आहे. दर रविवारी कुमुदबाई येतात, टॉवेल काढतात आणि माझी चावी फिरवतात. बसत नाहीत. पदर खोचून पाच मिनिटं शेजारी उभ्या राहतात. मी घुमते, खोकते, धूर सोडते, जेवढं सांगायचं तेवढं सांगते.

"हो गं," त्या म्हणतात, "ऐकून राहिली मी."

आणि माझं संपेपर्यंत थांबतात.