शववाहिकेसाठी मिस्त्री

शववाहिका चालवणाऱ्या बाईशी लोक गप्पा मारायला थांबत नाहीत, आणि काकूंना ते सोयीचंच होतं. नवरा गेल्यावर त्यांनी त्याची गाडी हातात घेतली, त्याला अकरा वर्षं झाली होती. हॉस्पिटलच्या मागच्या दारातून माणूस घ्यायचा, त्याच्या घरी पोचवायचा, घरच्यांशी दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. गाडी डिझेलची, म्हातारी, पण वाटेत कधी बंद पडली नव्हती.

मग हुकूम निघाला. दोन महिन्यांनी जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी. गाडी गॅसवर करून घ्या, नाहीतर भंगारात काढा.

"त्यात काय एवढं, वहिनी?" दीर म्हणाला. "हमरस्त्यावर काचेचं शोरूम आहे ना, तिथे सकाळी द्यायची, संध्याकाळी आणायची."

काकू गेल्या. टाय लावलेल्या गृहस्थाने बॉनेट न उघडताच फॉर्म पुढे सरकवला.

"इंजिनाचं हेड कोण उतरवणार?" काकूंनी विचारलं.

"हेड कशाला उतरवायचं?"

"डिझेलच्या इंजिनात ठिणगी लागत नाही, गॅसला लागते. मग प्लग कुठे बसवणार? माझ्या डोक्यात?"

तो गोड हसला. "काकू, तुम्ही सही करा. बाकीचं आमच्यावर सोडा."

सोडणार कसं? मागच्या वर्षी गॅसवर करून घेतलेली एक मोटार चालता चालता पेटली होती. आत दोन बहिणी होत्या. त्यांना काकूंनीच नेलं होतं, एकाच खेपेत. दोघींचं मिळून वजन एका माणसाइतकंही भरलं नव्हतं. तेव्हापासून रस्त्यात पुढे गॅसची गाडी दिसली की काकूंचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

तीन आठवडे त्यांनी गॅरेजं पालथी घातली. एकाने नवी म्हणून दाखवलेली टाकी त्यांनी नखाने खरवडली, तर रंगाखाली गंज. दुसरा कारखान्याच्या आत पाऊल टाकू देईना. तिसऱ्याने उद्या या, उद्या या करत आठवडा खाल्ला. शेवटी काकू गाड्या तपासणाऱ्या इन्स्पेक्टरपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमच्या स्वतःच्या घरची गाडी असती तर कुणाकडे दिली असती?"

इन्स्पेक्टरने इकडेतिकडे पाहिलं. "सूतगिरणीच्या मागे एक मिस्त्री आहे. त्याच्यासारखा हात दुसरा नाही. पण वर्षभर त्याने काम घेतलेलं नाही."

"का?"

"ते त्यालाच विचारा."

मिस्त्री पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच बसला होता. पन्नाशीचा, दाढी वाढलेली. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. गाडी चालू करायला लावून त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, आणि बराच वेळ ऐकत राहिला. मग गाडीखाली शिरला. दोन तासांनी बाहेर आला.

"हेड उतरवून प्लगला जागा करावी लागेल. पिस्टनही घासून कमी करावे लागतील. मागे डावीकडे चेसिस गंजलंय, टाकी तिथे बसवायची नाही. दहा दिवस जातील. त्याच्या आत कुणी देतो म्हणाला तर देऊ नका."

काकूंच्या जिवात जीव आला. "मग घेताय ना काम?"

मिस्त्री फडक्याने एकेक बोट पुसत राहिला. "आधी एक ऐका. मग गाडी ठेवायची की न्यायची ते ठरवा. त्या दोघी बहिणींची मोटार मी केली होती."

काकूंनी गाडीच्या किल्लीकडे पाहिलं.

"टाकीपासून पुढे नळी जाते. तिला हात-हातभर अंतरावर क्लिप लागते. मागच्या चाकापाशी एक राहिली. जेवायला उठलो होतो, आलो तो पुढच्या बाजूच्याच कामाला लागलो. संध्याकाळी बाकावर एक क्लिप उरलेली दिसली. जास्तीची असेल म्हणून डब्यात टाकली. नळी चार महिने पत्र्यावर घासत होती."

"आणि चौकशीत?"

"जळून कोळसा झालेल्या गाडीत काय सापडणार? सुटलो मी."

"त्यांना मी नेलं," काकू म्हणाल्या.

मिस्त्री खाली पडलेल्या टायरवर बसला. त्याने विचारलं, "कशा होत्या?"

हा प्रश्न काकूंना नेहमीचा होता. शांत दिसत होत्या, हे उत्तर त्यांच्या ओठांवर तयार असायचं. या वेळी त्यांनी ते दिलं नाही.

"मोठीने धाकटीला पोटाशी धरलं होतं. सोडवता आलं नाही. तशाच नेल्या."

त्याने मान हलवली. काकूंनी किल्ली उचलली आणि गाडी घेऊन घरी आल्या.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. त्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं त्या सकाळी ठरवायच्या आणि संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी सुचायचं नाही. बाकी सगळ्यांनी बारीकसारीक गोष्टींत खोटं सांगितलं होतं. याने कुणी विचारलेलं नसताना खरं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या शेडसमोर जाऊन थांबल्या.

"माफी द्यायला मी आलेले नाही. ती द्यायचा हक्कही माझा नाही. पण गाडी तुम्हीच करा. मी समोर बसणार."

दहा दिवस काकू स्टुलावर बसून राहिल्या. बसवलेल्या क्लिपा दोघांनी मिळून मोठ्याने मोजल्या, पुन्हा मोजल्या. प्रत्येक जोडावर मिस्त्री साबणाचा फेस लावायचा आणि काकू डोळ्यांत तेल घालून बुडबुडा बघायच्या. "नाही," त्या म्हणायच्या, मगच तो पुढे सरकायचा. मागच्या चाकापाशी पोचला तेव्हा त्याचे हात थांबले. तो बाहेर गेला, भिंतीपाशी ओकला, चूळ भरून आत आला आणि क्लिप बसवली.

गाडी तपासणीत एका झटक्यात पास झाली. इन्स्पेक्टरने दिलेला कागद दाखवायला काकू दुसऱ्या दिवशी सूतगिरणीमागे गेल्या, तर शेडला कुलूप.

"काल चौकीत गेला," शेजारचा वेल्डर म्हणाला. "स्वतःच्या पायांनी. वर्षापूर्वीचं काही लिहून द्यायचंय म्हणाला. तो परतलाच नाही. वेडा म्हणायचं की काय, निभावलं होतं सगळं!"

काकूंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्या गाडीत जाऊन बसल्या. त्यांनीच त्याला तिथे पाठवलं होतं की तो जाणारच होता, हे त्यांना ठरवता येईना.

पुढच्या सोमवारी हॉस्पिटलमधून बोलावणं आलं. शवागाराच्या अटेंडंटने गाडीचा आवाज ऐकून भुवया उंचावल्या.

"काय मऊ चालतेय हो! कुणी केली? माझ्या भावाला सांगतो. शाळेची व्हॅन आहे त्याची, तीही गॅसवर करायचीय."

"तो मिस्त्री आता काम करत नाही."

"मग देतो त्या काचेच्या शोरूममध्ये. एका दिवसात देतात म्हणे."

"तिथे नको," काकू एकदम म्हणाल्या. "कुणालाही सांग, पण तिथे नको."

"मग कुठे? चारच दिवस उरलेत, काकू. तुम्हीच सांगा एखादं नाव."

काकूंनी तोंड उघडलं. एकेक गॅरेज त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी वाकून स्ट्रेचरचं टोक धरलं आणि म्हणाल्या, "उचल."