तिला काही लागत नाही

मिठाच्या ताटलीत बोटाने ‘क्ष’ काढून आई मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होती.

“मीठ फार बारीक आहे गं. अक्षर धरतच नाही.”

“साखर घे मग,” मुलगी म्हणाली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती छापखान्यातून आणलेली प्रुफं तपासत बसली होती.

“साखर? आणि चिकटराव गप्प बसेल होय? मागच्या वेळी त्याने ‘ख’ चाटून खाल्ला. विचारलं, अक्षर कुठे गेलं रे? तर म्हणतो, पाठ झालं, बाई.”

मुलगी इतकी हसली की तिच्या लाल पेनाची रेघ भलत्याच ओळीवर गेली.

आई दुसरीच्या वर्गाची बाई. शाळेत ती मुलांना नावानेच हाक मारायची, पण घरी आली की सगळ्यांचं नव्याने बारसं व्हायचं. चिकटराव म्हणजे हात लावल्याशिवाय ज्याच्या डोक्यात काही शिरत नसे तो. भोवरा एका जागी बसला की शिकलेलंही विसरायचा आणि चालायला लागला की पाढे घडाघड म्हणायचा. आई त्याला पाढ्यांच्या वेळी फळा पुसायला लावायची. पुटपुटीला ओठ हलवल्याशिवाय वाचता येत नसे, म्हणून तिची जागा घरघरणाऱ्या पंख्याखाली. “पुटपुट हवं तेवढं, पंखा तुझ्यापेक्षा बडबड्या आहे.” आणि साहेब. साहेबांना दुसऱ्याची चूक काढायला मिळाली तरच शिकण्यात रस. मग आई फळ्यावर मुद्दाम चुकायची आणि साहेबांकडून बोलणी खायची.

कोणी डोळ्यांचं असतं, कोणी कानांचं, कोणी हातांचं, कोणी पायांचं, एवढंच तिचं शास्त्र. एका दाराने आत जाता येत नसेल तर दाराला लाथा घालत बसू नये, मागे जाऊन बघावं, असं ती नवीन शिक्षकांना सांगायची.

“आणि ती खिडकीजवळची?” मुलीने विचारलं. “तिचं काहीच सांगत नाहीस कधी.”

“तिला काही लागतच नाही. पुस्तक हातात दिलं की झालं. दुसरी तूच आहे ती!” आईने ताटली हलवून अक्षर मोडलं. “वर्गात अशी एक तरी असावी बाई. जिवाला तेवढाच विसावा.”

मुलीने प्रुफावरून मान वर केली. काहीतरी अगदी ओठांवर आलं होतं. पण आई तोवर उठली होती, हात झटकत म्हणत होती, “चल, आवर तुझा पसारा. भूक लागलीय मला.” ती दोघींची शेवटची साधी संध्याकाळ. साध्या संध्याकाळी माणूस काय, उद्यावर टाकतो.

सकाळी टेबलावरचा चहा गार झाला तरी आई उठली नाही.

झोपेतच गेल्या, त्यांना कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. हे सगळ्यांनाच सांगतात, हे मुलीला ठाऊक होतं. तरी तिला ते पटेना. आईला न कळता तिच्या आसपास काही होऊ शकतं, हेच मुळात पटेना.

मावशी राहायला आली. तिने घर हातात घेतलं, भांडी घासली, भेटायला येणाऱ्यांना पाणी दिलं आणि मधून मधून मोरीत जाऊन रडून आली. येणारा प्रत्येक जण आईचं काहीतरी सांगे. आता मिशा फुटलेला एक जुना विद्यार्थी म्हणाला, बाईंनी माझ्या पाठीवर बोटाने लिहून मला जोडाक्षरं शिकवली, अजून लिहिताना पाठ शिवशिवते. सगळे हसले, मग सगळ्यांनाच आपण हसलो म्हणून कसंतरी झालं.

“जगाच्या पोरांची नाडी कळायची माझ्या बहिणीला,” मावशी म्हणाली. मग मुलीच्या पाठीवरून हात फिरवत, “आणि हिच्यासाठी तर काही करावंच लागलं नाही. हिची ही वाढली. कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली की दिवस कुठे गेला कळायचं नाही.”

मुलीने मान हलवली. ही मान हलवायची सवय तिला लहानपणापासून होती.

रात्रंदिवस वाचूनच ती मोठी झाली होती, हे खोटं नव्हतं. शोकावरच लोकांनी काय काय लिहून ठेवलंय, तेही तिला अर्धंअधिक ठाऊक होतं. पण या दिवसांत त्यातल्या एकाही ओळीने तिला हाताला धरून उठवलं नाही.

मग शाळेतून मोठ्या बाईंचा फोन आला. आईच्या जागी एक तरुण सर आले होते. पोरगा गुणी आहे हो, मोठ्या बाई म्हणाल्या, पण वर्ग त्याच्या हातातून वाळूसारखा निसटतोय. तुमच्या आईने कोणाला कसं शिकवायचं ते कुठे लिहून ठेवलंय का?

“आईने कधी वाण्याची यादीसुद्धा लिहिली नाही,” मुलगी म्हणाली. “सगळं डोक्यात असायचं.”

“आणि रोज संध्याकाळी तुमच्या कानावर पडायचं, नाही का? मग एक दिवस याल? त्या सरांना नुसतं सांगायला?”

मावशी म्हणाली, “कशाला जातेस? जखम ओली आहे अजून.” पण मुलगी गेली.

आईच्या वर्गात ती कित्येक वर्षांनी पाऊल टाकत होती. ती स्वतःही याच वर्गात शिकली होती. तेव्हा घरातून निघताना आईचा हात सोडायचा आणि फाटकातून आत गेलं की आईला बाई म्हणायचं, असा करार होता. बाक बदलले होते. पंखा तोच होता.

“तुम्ही बाईंच्या मुलगी ना?” पहिल्याच बाकावरचा एक जण म्हणाला. “मग तुम्हाला पण बाई म्हणायचं की ताई?”

“काय म्हणावंसं वाटतं?”

“बाई नको,” तो विचार करून म्हणाला. “ते घेतलेलं आहे.”

एवढ्यावरून तिने ओळखलं, हेच साहेब.

तरुण सर खडूने भरलेले हात पँटला पुसत उभे होते. चेहऱ्यावर जागरण दिसत होतं. मोठ्या बाई दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. मुलगी एकेका बाकाजवळ थांबून हलक्या आवाजात सांगू लागली. याला फळा पुसायला द्या. हिला पंख्याखालून हलवू नका. याला ताटलीत मीठ द्या, साखर नको.

“साखर का नको?” सरांनी विचारलं.

“पाठ करतो तो ती,” ती म्हणाली आणि चिकटराव लाजून बाकाखाली गेला.

“आणि ह्या साहेबांसमोर मुद्दाम चुका करायच्या.”

“ते मला जमेल,” सर म्हणाले. “मुद्दाम करावं लागणार नाही.”

मोठ्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. वर्गात जरा हवा आली. मुलीला वाटलं, आईचं सगळं काही गेलेलं नाही. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड किंचित सरकला.

सरांनी हातच्याची वजाबाकी घेतली. भोवऱ्याला ती येत नव्हती, तेव्हा मुलीने कपाटातल्या काड्यांच्या जुड्या काढल्या, आईने रबर लावून बांधलेल्या. भोवऱ्याला खिडकीजवळच्या मोकळ्या जागेत उभं केलं. “दोनातून सात जात नाहीत ना? मग शेजारच्या घरी जा आणि एक जुडी घेऊन ये. आता सोड तिचं रबर. किती सुट्या झाल्या?” तो चालत गेला, जुडी घेऊन आला, रबर ताणून उडवलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

तेव्हाच तिचं लक्ष खिडकीजवळच्या बाकाकडे गेलं.

तिथे बसलेली पोर लहानशी, दोन घट्ट वेण्यांची. पुस्तक उघडं, मान खाली, जणू या गोंधळाशी तिचा काही संबंध नाही. पण तिची पेन्सिल हलत होती ती भोवऱ्याच्या पावलांबरोबर. तो शेजारच्या घरी गेला की पेन्सिल डावीकडे जाई. रबर सुटलं की ती घाईने आकडा लिही. डोळे पुस्तकात होते, पण एकदाही ओळ बदलत नव्हते. कान मात्र इकडे. भोवऱ्याला शिकवणं थांबलं तशी पेन्सिलही थांबली.



लहानपणी ती स्वतःही अशीच बसायची. याच वर्गात. आई शेजारच्या मुलाजवळ गुडघे टेकून बसायची, त्याच्या हातात काड्या द्यायची, तिच्या ओल्या खडूचा आणि साबणाचा वास यायचा, आणि लेक पुस्तकात तोंड खुपसून एकेक शब्द टिपून घ्यायची, दुसऱ्याच्या ताटातले घास उचलावेत तसे. मग उत्तर बरोबर यायचं. आई वर्गाला म्हणायची, “बघा, हिला सांगावंही लागलं नाही!” त्या आवाजातला अभिमान इतका गोड होता की तो मोडायची छाती तिला कधी झाली नाही. एकदा मात्र तिने येणारं गणित मुद्दाम चुकवलं, आई जवळ येऊन बसेल म्हणून. आई लांबूनच हसली. “तुला येतं गं. नाटकं नकोत.” आणि चिकटरावासारख्याच कुठल्याशा मुलाकडे वळली. त्यानंतर पुस्तकं आली, एकामागून एक, कौतुकाने आणलेली. ती वाचत गेली. त्या कोपऱ्यात तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतंच.

“आणि ही?” सरांनी विचारलं. ते खिडकीजवळच्या बाकापाशी पोचले होते.

“तिची काळजी नको,” दारातून मोठ्या बाई म्हणाल्या. “बाईंची लाडकी ती. तिला काही लागत नाही, असं त्या नेहमी म्हणायच्या. तुमच्यासारखीच ना ही?”

सगळे तिच्याकडे बघत होते. हो म्हटलं की झालं असतं. आई जाऊन पंधरवडा उलटला नव्हता. घरी, दारी, या वर्गातही तिची चूक काढणारं कोणी नव्हतं, आणि ती काढायचा मान तिच्या लेकीने घ्यावा?

ती बाकाजवळ वाकली. “हे कळलं तुला?”

वेण्या हलल्या. हो.

तो होकार तिच्या ओळखीचा होता.

तिने बाकावर अंग चोरून बसायला जागा केली आणि एक जुडी त्या लहान हातात दिली. हात गार होता. “माझ्याबरोबर सोड,” ती म्हणाली. छोटीने आधी तिच्याकडे, मग सरांकडे चोरून पाहिलं. आपल्याला हे चालतं का, असा प्रश्न त्या डोळ्यांत होता. मग ती हळूच सरकली आणि तिचा खांदा येऊन टेकला.

“सर, हिच्याजवळ बसा,” मुलगी म्हणाली. “पुस्तक द्या, पण देऊन निघून जाऊ नका.”

“पण बाई तर म्हणायच्या,” मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या, “तिला एकटीलाच...”

“आईचं हिच्याबाबतीत चुकलं.”

 साहेब बाकावरून उठून तिच्याकडे बघू लागले. वर पंखा घरघरत होता.

“तुम्हाला कसं कळलं?” सरांनी हळू आवाजात विचारलं.

तिला सरांनाच सांगायचं होतं. पण समोर फळा होता, फळ्यापुढची रिकामी जागा होती, आणि इतकी वर्षं या वर्गात ज्या हाकेला बंदी होती तीच आधी बाहेर पडली.

“आई,” ती म्हणाली, “मला एकटीला येत नव्हतं गं. कधीच येत नव्हतं. तू माझ्याजवळ बसायला हवं होतंस.”