फ्रीजवाल्या खुन्याचे उपकार

देवाशप्पथ सांगते इशिता, घरच्या गणपतीवर हात ठेवून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! तू मोबाइलवर ते खुनाखुनीचे सिनेमे बघतेस आणि वर मला म्हणतेस, "आजी, तुला नाही झेपणार यार." अगं, तसल्याच एका सिनेमामुळे हे घर आज आपलं आहे.

शहाण्णव साल. तुझे आजोबा प्रायव्हेट कंपनीत लागले, म्हणून दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गुडगावात या फ्लॅटमध्ये आलो. अकरा मजल्यांची बिल्डिंग आणि राहणारी कुटुंबं तीन! खाली नुसती सरसोंची शेतं. नीलगाय लिफ्टच्या दारापर्यंत यायची. दुपारभर मी भिंतींशी बोलायचे. शेवटी ह्यांना सांगून टाकलं, "संक्रांतीपर्यंत बघते. मग फ्लॅट विका, नाहीतर मला पुण्याला पाठवा."

हळदीकुंकवाला जुन्या शेजारणींना बोलावलं. वाटलं, इतक्या लांब कोण येतंय! पण कौशल्याताईंनी मॅटाडोर ठरवली आणि आठजणी आल्या. ह्यांनी व्हीसीआर भाड्याने आणला होता. कॅसेटवाल्याला म्हणाले, "लेडीज को नींद न आए, ऐसी कोई पिक्चर दे दो." त्याने दिली. इंग्रजी.

सिनेमातला माणूस शेजाऱ्यांना मारून फ्रीजमध्ये ठेवायचा. पहिला खून झाला. तिळाचे लाडू हातातल्या हातात.

मग कौशल्याताई म्हणाल्या, "ओटा मात्र लखलखीत ठेवलाय हो मेल्याने!"

"आणि फ्रीजमध्ये बर्फ बघा केवढा," विनया म्हणाली. "डीफ्रॉस्ट कोण करणार?"

"एकटा राहतो ना," कुमुद हळहळली. "दिवसभर बोलायला कोणी नाही. डोकं फिरणारच."

आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"बघताय काय? माझ्या फ्रीजमध्ये सोललेले मटार आहेत," मी म्हटलं. अशा हसल्या, अशा हसल्या! मीही. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

शेवटी पोलीस आला, त्याने फ्रीजचं दार उघडलं, आत बघून किंचाळला, आणि लाइट गेली.

"आत कोण होतं गं?" कौशल्याताई उठेचनात. खाली मॅटाडोरवाला हॉर्न वाजवतोय. तेवढ्यात सरला, क्वार्टरमध्ये नऊ वर्षं माझ्या शेजारी राहिलेली, कॉफीचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि शांतपणे म्हणाली, "आज काही लाइट येत नाही. कॅसेट मशीनमध्ये अडकलीय, ती राहू दे तशीच. पुढच्या गुरुवारी येऊन बघू."

आल्या की! शेवट अगदीच फुसका निघाला. मग विनया म्हणाली, "पुढच्या गुरुवारी याहून भयंकर आण." असे दोन वर्षं गुरुवार चालले. तोवर बिल्डिंग भरली, फ्लॅट विकायचं नाव मी परत काढलं नाही. त्या आठजणी नसत्या, तर मी इथे टिकलेच नसते बघ.

सगळं खरंच का, असं आता विचारतेच आहेस, तर ऐक. नीलगाय खरी. आठजणी खऱ्या. लाइट मात्र गेली नव्हती. स्वयंपाकघराच्या दारामागचा मेन स्विच मीच खाली केला होता. सरला तिथेच कॉफी गाळत उभी होती. तिने स्विचकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ट्रे उचलून बाहेर गेली.