ऑफिसचा तुकडा

हिशेबाचा कागद हातात दिला की माणसं त्याच्यावर कॉफीचा कप ठेवतात, हे पेट्रिशिनबाईंनी इतकी वर्षं पाहिलं होतं. म्हणून यंदा संस्थेच्या वार्षिक सभेला त्या कागदाऐवजी मधाचा मोठा गोल केक घेऊन आल्या.

विलो रिज गावात कॅन्सरचे उपचार होत नाहीत. त्यासाठी दोन तास गाडी हाकत रेजायना शहराला जावं लागतं. ज्यांना स्वतः गाडी चालवणं झेपत नाही, त्यांना ही संस्था फुकट नेऊन आणते. बाई तिच्या खजिनदार. जन्मभर त्यांनी सातवीला गणित शिकवलेलं.

"हा केक म्हणजे वर्षभरात तुम्ही दिलेला सगळा पैसा," बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या हॉलमध्ये टेबलामागे उभ्या राहून बाई म्हणाल्या आणि सुरी चालवू लागल्या. "हा एवढा पेट्रोलचा. हा गाड्यांच्या विम्याचा. हा पेशंटना तिथे रात्री राहावं लागलं तर खोलीचा." होता होता पाचवा हिस्सा उरला. "आणि हा ऑफिसचा."

मागच्या रांगेत लॉर्न हाल्वर्सन उभा राहिला. ट्रॅक्टर विकायच्या धंद्यात तो चांगला सुखवस्तू झाला होता आणि संस्थेचा सगळ्यात मोठा देणगीदारही तोच होता. सातवीत असतानाही तो असाच हात वर न करता उभा राहायचा.

"हा ऑफिसचा तुकडा खातं कोण, बाई?"

"मी," कॉफी ओतता ओतता ग्लेंडा म्हणाली. ऑफिस म्हणजे ती एकटी, एक खोली आणि एक फोन. "थोडा फोन कंपनी खाते. उरलेला माझ्या अंगावर दिसतोच आहे."

हॉल हसला. लॉर्न हसला नाही.

"मी पैसे पेशंटसाठी दिले, ग्लेंडासाठी नाही. यंदाचे दहा हजार हवे असतील तर लिहून द्या, एक सेंटही ऑफिसवर जाणार नाही."

दहा हजार डॉलर म्हणजे वर्षाच्या खर्चाचा तिसरा हिस्सा. ते आले नाहीत तर हिवाळा सरायच्या आत गाड्या थांबणार होत्या. आणि अटीसकट घेतले तर ग्लेंडाचा पगार कुठून द्यायचा? बाकीच्यांनीही आपापल्या पैशाला चिठ्ठी बांधूनच दिली होती. चर्चच्या गायकांची देणगी फक्त टायरसाठी, शाळेची फक्त पेशंटच्या डब्यासाठी. आणि ज्यासाठी दिलं त्यावरच खर्च करायचं, या बाबतीत बाई फार कडक होत्या.

बाईंनी चष्मा काढला. भागाकारावर विश्वास नसलेल्या मुलाशी वाद घालून उपयोग नसतो, त्याला फळ्यापाशी उभं करावं लागतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"लॉर्न, एक आठवडा ग्लेंडाला सुट्टी देऊ. फोन तू सांभाळ. जमलं तर मी तुझ्या अटीवर सही करते."

"सुट्टी पगारी ना?" ग्लेंडानं विचारलं.

"पगारी. पण गाव सोडायचं नाही. पेशंटचे हाल व्हायला नकोत."

"मग जमू दे बिचाऱ्याला," ग्लेंडा म्हणाली.

सोमवार झकास गेला. लॉर्ननं बाईंना मुद्दाम फोन करून तसं कळवलंही. मंगळवारी त्यानं पेट्रोल वाचवायचं म्हणून म्हाताऱ्या ऑस्ट्रँडरना आणि ब्योर्नस्टाडबाईंना एकाच गाडीत बसवलं. कुंपणाच्या वादावरून त्या दोघांची बोलचाल बंद होती, हे ग्लेंडा सोडून कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. जाताना दोन तास कुणी बोललं नाही. येताना दोघं बोलले, आणि ड्रायव्हर म्हणाला की जातानाच बरं होतं.

बुधवारी रात्री कडाक्याची थंडी पडली. अशा रात्री इंजिनाला विजेची तार जोडून ते ऊबदार ठेवलं नाही तर सकाळी गाडी हलत नाही. हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ठाऊक आहे म्हणूनच सगळे विसरतात. ग्लेंडा आदल्या संध्याकाळी एकेका ड्रायव्हरला फोन करून आठवण द्यायची. लॉर्नला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी बाईंचा फोन वाजला.

"बाई, लॉर्न बोलतोय. ड्रायव्हर वॉलीची गाडी सुरू होत नाही. त्याच्या मेव्हण्याचीही नाही. ॲग्नेस टकाचुकला मीच माझ्या ट्रकमधून घेऊन निघालोय, पण उपचारांची दहाची वेळ गाठता येत नाही. पेट्रोल पंपावर थांबून दवाखान्याला फोन केला तर ते नुसतं संगीत लावून ठेवतात."

"मग?"

"मग काय, ऐकलं. ॲग्नेस म्हणते की ग्लेंडा असती तर..." मागून ॲग्नेसचा आवाज आला, "बाईंना सांग, मी हे चौथ्यांदा म्हणतेय."

"आज उपचार चुकले तर?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यावर जातील. ॲग्नेस हातमोजे सारखे काढतेय आणि घालतेय. ग्लेंडाला विचाराल का, बाई?"

बाईंनी विचारलं. ग्लेंडानं दवाखान्यात वेळा देणाऱ्या मार्गरीटला फोन केला, आधी तिच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग दुपारी दोनची वेळ मिळवली. सगळं मिळून ग्लेंडाच्या कपातला चहा निवेपर्यंत आटोपलं.

शुक्रवारी संध्याकाळी लॉर्न बाईंच्या घरी आला. ग्लेंडा स्वयंपाकघरात बीटचं सूप पीत बसली होती. तिच्याकडे न बघता त्यानं टेबलावर चेक ठेवला. चेकवर खाली कारण लिहायची जागा असते, तिथे त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं: फक्त ऑफिससाठी, पेशंटवर एक सेंटही नाही.

ग्लेंडाला सुपाचा ठसका लागला.

"बस," बाई त्याला म्हणाल्या. "आता मोज. गायकांनी टायर दिले. शाळेनं डबे दिले. तू ऑफिस दिलंस. टायर नवे, डबा भरलेला, ग्लेंडा फोनपाशी. गाडीत पेट्रोल कोण घालणार?"

लॉर्ननं विचार केला. "अर्धं ऑफिस, अर्धं पेट्रोल असं लिहू?"

"आणि मार्चमध्ये विमा वाढला तर?"

"मग काय लिहू?"

"काहीच नको लिहूस."

ट्रॅक्टर विकताना कागदावर कोरी जागा कधीही सोडू नये, हे लॉर्न आयुष्यभर आपल्या माणसांना शिकवत आला होता. "मग माझा पैसा कुठे गेला ते मला कसं कळणार?"

"विचारलंस की. पुढच्या वर्षीही विचार, फक्त हात वर करून विचार. सांगणं माझं काम आहे. प्रत्येक सेंटची पावती दाखवीन. नाही पटलं तर पैसे देऊ नकोस, पण तोवर तरी विश्वास ठेव."

लॉर्ननं तो चेक फाडला, दुसरा काढला, रक्कम लिहिली. कोऱ्या जागेवर पेन आणून तो बराच वेळ बसून राहिला. शेवटी त्यानं पेनाला टोपण लावलं आणि चेक टेबलावरून ग्लेंडाकडे सरकवला.

ग्लेंडानं चमचा खाली ठेवून चेक उजेडात धरला.

"कारणाची जागा कोरी सोडलीस ते फार बरं केलंस, लॉर्न," ती म्हणाली. "पण सही तरी कर."