पेरूचं भांडं

लिडियाने भट्टीतून काढलेलं भांडं फडक्याने पुसून सुरुचीपुढे ठेवलं आणि ती धपकन स्टुलावर टेकली. वालीवच्या या कारखान्यात तिची निम्मी हयात कुंड्यांचे साचे भरण्यात गेली होती. प्रत्येक कुंडीच्या तळाला शिक्का मालकाचा. ही एवढी एकच वस्तू तिने साच्याशिवाय, नुसत्या हाताने घडवली होती. सुरुचीला कॉलेजच्या वनस्पती-प्रदर्शनात जुन्या भांड्याची प्रतिकृती मांडायची होती म्हणून.

सुरुचीने भांडं फिरवलं. फळासारखं गोल पोट, वर पोकळ कडी, कडीवर तोटी. मग पोटावर, फळाच्या टोकाला उरतात तशा उमटवलेल्या सुकल्या पाकळ्यांपाशी तिचा अंगठा अडला.

"आंटी, हा पेरू आहे."

"मग? पेरूचंच सांगितलेलंस ना?"

सुरुचीने कपाळाला हात लावला. निरोप तिचाच होता: पेरूचं प्राचीन भांडं, फळाच्या आकाराचं. पेरू म्हणजे देश, हे सांगायचं राहून गेलं होतं. सोबतच्या धूसर फोटोतलं फळ होतं लुकुमा, तिकडच्या डोंगरातलं. फोटोत जे दिसेना ते लिडियाने वाडीतल्या झाडाचा पेरू समोर ठेवून भरून काढलं होतं.

"तिकडे पेरू होत नाय?"

"होतो. मूळचा तिकडच्याच बाजूचा. पण असं भांडं सापडल्याचं मी तरी वाचलेलं नाही."

"मग मीठ-मसाला लाव आणि खा आता."

दोघी हसल्या, पण हसण्यात जोर नव्हता. प्रदर्शन उद्यावर आलं होतं. नवं घडवायला, वाळवायला, भाजायला सवड नव्हती. शेवटी सुरुचीच थकल्या आवाजात म्हणाली की हेच मांडू, पाटीवर 'प्राचीन भांड्याची प्रतिकृती, पेरू' एवढंच लिहू. कोण विचारतंय?

लिडियाने भांडं उचलून मांडीवर घेतलं. कडी जिथे पोटाला जोडली होती तिथे तिच्या बोटाचा ठसा राहिला होता. त्यावरून ती अंगठा फिरवत राहिली.

"प्रतिकृती नको लिहू," ती म्हणाली. "तिकडच्या त्या जुन्या कुंभाराने हे केलंच नाय. उगाच त्याच्या नावावर कशाला?"

"मग कोणाच्या?"

लिडियाचा अंगठा त्या ठशावरच थांबला. सुरुचीने तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीतून कोरी पाटी काढली आणि पेनाचं टोपण उघडलं.

"आंटी, पूर्ण नाव सांगा."

लिडियाने तोंड उघडलं आणि ती थांबली. भांडं जपून टेबलावर ठेवत उठली.

"थांब जरा. हात धुऊन येते. नाव मीच लिहीन."