हिरव्या वायरीचं टोक

आमच्या ह्यांना कुणी सहसा जेवायला बोलावत नाही, आणि त्यात बोलावणाऱ्यांचा काही दोष नाही. नव्या घरांची वायरिंग तपासून वीज द्यायची की नाही ते ठरवणं, ही ह्यांची नोकरी. पण नोकरी ऑफिसात ठेवून घरी यावं, हे ह्यांना कधी जमलं नाही. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा माझ्याशी दोन शब्द बोलायच्या आधी माझ्या वडिलांना म्हणाले, न्हाणीघराच्या दारावरून गेलेली ती वायर आजच्या आज काढा. वडिलांनी काढली. जावई काळजी घेणारा मिळाला म्हणून ते खूश झाले, मीही झाले. ही काळजी समोरच्याची सालटी काढते, हे मला लग्नानंतर कळलं.

या स्वभावापायी ह्यांनी सख्खी बहीण गमावली. वन्सं ह्यांच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या. आई लवकर गेल्यावर ह्यांना न्हाऊ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. त्यांचे यजमान, म्हणजे ह्यांचे दाजी, सुतार होते. हातात कला होती आणि डोक्यात एक किडा होता, की कुठलंही काम दुसऱ्याला द्यायचं नाही. स्वतःचं घर बांधलं तेव्हा वायरिंगही त्यांनी स्वतःच केली. लाकडी बोर्ड असे बसवले की फट शोधूनही सापडू नये. कौतुकानं सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं.

जेवणं अर्ध्यावर आली होती. हे हात धुवायला उठले, वाटेत एक बोर्ड उघडून बघितला आणि तिथूनच विचारलं, "दाजी, तिसरी वायर कुठंय?"

दाजींनी दोनच वायरी ओढल्या होत्या. तिसरी, हिरवी, जी बिघाड झाला तर वीज माणसाच्या अंगातून न जाऊ देता मातीत नेते, ती साऱ्या घरात नव्हती. दाजी हसत म्हणाले, दिवे लागतायत ना, मग झालं तर. ह्यांचा पारा चढला. सगळ्यांदेखत दाजींची अक्कल काढली, माझ्या बहिणीच्या जिवावर उठलात म्हणाले, मेन स्विच बंद केला आणि फ्यूज काढून खिशात टाकला. पंखे थांबले. त्या उकाड्यात माणसं एकेक करून ताटावरून उठली. वन्सं तेवढ्या दारापर्यंत आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, त्यांची माफी मागितल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस. ह्यांनी उलट विचारलं की बरोबर बोलल्याबद्दल माफी कसली मागायची.

बरोबर होतेच हो, तेच तर वाईट झालं. चुकले असते तर दुसऱ्या दिवशी जाऊन पाय धरले असते. बरोबर होते म्हणून घरी बसून राहिले. मी समजावलं, भांडले, अबोला धरून पाहिला. जाईन की, जरा शांत होऊ दे तिला, एवढंच उत्तर मिळायचं. वर्षं गेली. दाजी मला बाजारात भेटले की आवर्जून विचारायचे, "साहेब बरे आहेत ना? एकदा घेऊन या की त्यांना." मी ते घरी येऊन सांगायची. हे म्हणायचे, टोमणा मारतायत.

मग दाजी हृदयविकारानं गेले. आम्ही गेलो होतो. हे कोपऱ्यात उभे राहिले. वन्संनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

या उन्हाळ्यात अचानक वन्संचा फोन आला. बोलल्या माझ्याशीच. फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, इस्त्रीला लावला तरी येतात, कपडे धुवायच्या मशीनला तर हात लावायची सोय नाही. लाकडी पाटावर उभी राहून कामं उरकते म्हणाल्या. मी ऐकता ऐकता ह्यांना सांगत होते आणि ह्यांचा चेहरा उतरत गेला.

"मेन बंद करायला सांग. आत्ताच्या आत्ता," हे म्हणाले, आणि मी फोन ठेवायच्या आत हत्यारांची पिशवी उचलून जिना उतरलेसुद्धा. मीही मागोमाग निघाले.

वन्संनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. ह्यांनी आधी त्या मशीनचा प्लग काढला. मग तिथला बोर्ड उघडला आणि बघतच राहिले. आत हिरवी वायर होती. दुसऱ्या बोर्डात होती, स्वयंपाकघरात होती, बाहेरच्या खोलीतही होती. स्क्रू घट्ट, टोकं नीट वळवलेली, टेप गुंडाळून केलेला जोड कुठं औषधालाही नाही. ह्यांनी आयुष्यभर लोकांना ऐकवलेला एकही नियम दाजींनी सोडला नव्हता. वन्सं म्हणाल्या, तुम्ही भांडून गेलात त्याच वर्षी सुट्टीच्या दिवशी एकेक भिंत फोडून त्यांनी सगळं नव्यानं केलं.

मग मुंग्या का येत होत्या, ते मागच्या अंगणात कळलं. साऱ्या घरातली हिरवी वायर तिथं भिंतीतून बाहेर आली होती. जमिनीत खोल पुरलेली लोखंडी पट्टी मातीतून वर डोकावत होती. आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर वायरीचं टोक गुंडाळी करून खिळ्याला टांगलेलं होतं. ते जोडलेलंच नव्हतं. ह्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की आता बिघडलेल्या मशीनमधून गळणाऱ्या विजेला मातीत जायला वाट नाही, म्हणून ती त्याच हिरव्या वायरीनं घरातल्या प्रत्येक वस्तूच्या अंगावर जाते. हिरवी वायर नसती तर एकट्या मशीनचाच धोका असता. आता सगळं घरच धोक्याचं झालं होतं.

वन्सं मागे येऊन उभ्या होत्या.

"ते मुद्दाम ठेवलंय," त्या म्हणाल्या. "जोडायच्या आधी तपासावं लागतं, ते आपलं काम नाही म्हणायचे. तुझ्या भावाला बोलाव, तो बघेल आणि त्याच्याच हातानं जोडेल. असं मला किती वेळा म्हणाले. मीच म्हटलं, आधी तो येऊन माफी मागू दे."

अर्धवट ठेवलं तर काय होतं, हे दाजींना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा माणूस आमच्या घरी बसून होता.

हे मातीतच खाली बसले. मला वाटलं आता रडतील, पण पिशवी ओढून कामाला लागले. पट्टीभोवतीच्या खड्ड्यात पाणी ओतलं, माती वीज नीट ओढून घेते का ते यंत्र लावून तपासलं, वायरीचं टोक खरवडून पट्टीवर आवळलं. वन्सं शेवटपर्यंत जवळ उभ्या राहिल्या.

मेन लावल्यावर वन्सं आत आल्या आणि पाट बाजूला सारून अनवाणीच फ्रिजपाशी गेल्या. मी अडवायला पुढे झाले, तर ह्यांनी मानेनंच असू दे म्हटलं. त्यांनी फ्रिजवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या.

"ताई," हे म्हणाले, "दाजींचं काम चोख आहे. मी कुणाच्या घरात इतकं चोख पाहिलेलं नाही."

वन्संनी हात काढला नाही. ह्यांच्याकडे वळल्याही नाहीत.

"एवढंच ऐकायचं होतं रे त्यांना," त्या म्हणाल्या.